काकांची वायर

"पण भन्तेजी, मला आता शिकायचं उरलंय तरी काय?"

उत्पला रामटेकेने हे विचारलं खरं, पण तिची नजर लॅपटॉपवर होती आणि बोटं कीबोर्डवर धावत होती. उत्तराची वाट तिने बघितलीच नाही.

भन्ते शीलपाल मूर्तीसमोर चटईवर बसले होते. मांडीवर पांढऱ्या सुताचा गुंडा. संध्याकाळी विहारात परित्राण पाठ होता, त्यासाठी ते धागा मोकळा करत होते.

त्यांनी गुंड्यातून आणखी हातभर धागा ओढला.

"नाही म्हणजे, तुम्ही सकाळी म्हणालात ना, अजून शिक म्हणून... म्हणून विचारलं."

"हं," भन्तेजी म्हणाले आणि सुतातली एक गाठ सोडवायला लागले.

आता ही उत्पला कोण, ते आधी सांगतो. याच विहाराच्या अभ्यासिकेत, पत्र्याच्या छपराखाली बसून शिकलेली पोरगी. वैनगंगेच्या काठचं हे गाव सोडून पुण्याला गेली, कॉम्प्युटर इंजिनियर झाली, चांगल्या नोकरीला लागली. हुशार तर अशी की विचारू नका! आणि आपण हुशार आहोत हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं, हीच काय ती अडचण.

सुट्टीला घरी आली, तर विहारात जुन्या लॅपटॉपची चळत पडलेली. नागपूरच्या एका क्लासने ते अभ्यासिकेला दान दिलेले. सगळे एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारखेच म्हातारे. एक चालू करायला घ्यावा, तर तोवर चहा होऊन कप विसळून व्हायचे.

विहाराच्या समितीने ठरवलं, भंगारात देऊन टाकू.

"खबरदार!" उत्पला म्हणाली होती. "मी त्यांच्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकते. फुकट आहे, हलकं आहे आणि कुणा एकाच्या मालकीचं नाही. सगळ्यांचं आहे. बघा कसे पळतात!"

आणि पळाला की हो! पहिल्याच लॅपटॉपवर तिने ती नवी सिस्टिम चढवली आणि तो असा चटकन उघडला की अभ्यासिकेतल्या पोरींनी टाळ्याच वाजवल्या. या पोरींच्या परीक्षा आता कॉम्प्युटरवर होतात. घरी कॉम्प्युटर कुणाकडेच नाही. मागच्या वर्षी त्यांतल्या कितीतरी जणी परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा माउस हातात धरून बसल्या आणि वेळ संपला. उत्तरं येत होती हो, पण बाण तिथपर्यंत नेता येईना. रडत घरी आल्या बिचाऱ्या.

सरावाचे पेपर असतात इंटरनेटवर. आणि तिथेच घोडं अडलं होतं.

लॅपटॉपला वायफाय दिसतच नव्हतं. समोरच्या वाचनालयाचं वायफाय विहाराच्या सभागृहापर्यंत मस्त येतं, सगळ्यांचे फोन त्याच्यावर चालतात. या लॅपटॉपवर मात्र कोपऱ्यातल्या चिन्हावर एक फुली. काल दुपारपासून ती फुली जाता जात नव्हती.

खोब्रागडे काका, म्हणजे समितीचे अध्यक्ष, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते कालच म्हणाले होते, "पोरी, वाचनालयाच्या खिडकीतून एक लांब वायर घेऊ ओढून. का म्हणतं?"

उत्पला खो खो हसली होती. सगळ्यांदेखत.

"काका, कोणत्या जमान्यात राहता? आता सगळं हवेतून येतं! या विहारात मी वायर लावली ना, तर समजा मी हरले."

पोरी हसल्या. काकाही हसले. पण त्यांचे कान लाल झाले होते, ते उत्पलाला दिसलं नाही.

आणि आज भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा होता. बाकीचे लॅपटॉप त्यात चढवून झालेले. काकांनी सरळ सांगून टाकलं होतं, "पाचपर्यंत हा एक चालला, तं सारे उतरवतो. नाही चालला, तं हाबी जाईन. इंटरनेट नाही, तं त्याचं का लोणचं घालू?"

चार वाजून गेले होते.

उत्पलाने वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढला, परत टाकला. दुसरा टाकला. तिसराच टाकला. लॅपटॉप बंद केला, चालू केला. तिचा फोन शेजारीच पडलेला, त्यात शोधून शोधून लोकांचे सल्ले बघत होती आणि दिसेल ती आज्ञा टाइप करत होती.

फुली जागची हलेना.

"मठ्ठ आहे हे यंत्र!" तिने टेबलावर हात आपटला.

भन्तेजींनी मान वर केली. "काय म्हणालं ते?"

"कोण?"

"यंत्र."

"काही म्हणत नाहीये."

"काहीच नाही?"

"अहो भन्तेजी, यंत्र काय बोलणार? म्हणजे... बोलतं तसं. चालू होताना भराभरा ओळी येतात पडद्यावर. हे सापडलं, ते सापडलं, नुसता फापटपसारा. मी त्या बंद करून टाकते. माझ्या सगळ्याच मशीनवर बंद असतात. पडदा कसा स्वच्छ दिसतो!"

पुण्यात तिचे ज्युनियर या स्वच्छ पडद्यावर खूश असायचे. आणि तीसुद्धा, खोटं कशाला बोला.

भन्तेजींनी सूत खाली ठेवलं.

"म्हणजे तू त्याला गप्प बसवलंस..."

"हो."

"...आणि ते बोलत नाही म्हणून त्याला मठ्ठ म्हणतेस."

एक पोरगी फिस्सकन हसली. उत्पलाचे गाल तापले.

आता या विहारातला एक नियम सांगायलाच हवा. भन्तेजींनी तो कधीतरी घालून दिला आणि गावाने तो उचलला. कुणाला उत्तर द्यायचं असेल, तर आधी समोरचा काय म्हणाला ते आपल्या तोंडाने म्हणून दाखवायचं. तो "हो, हेच" म्हणाला, की मग आपलं बोलणं सुरू. नाही म्हणाला, तर परत ऐकायचं. भावाभावांची भांडणं इथे यायची आणि निम्मी तर त्या म्हणून दाखवण्यातच विरून जायची.

लहानपणी उत्पलाला या नियमाचा असा राग यायचा! तिला उत्तर आधीच ठाऊक असायचं ना. मग दुसऱ्याचं बोलणं कशाला घोळवत बसायचं?

"नियम माणसांसाठी आहे, भन्तेजी," ती म्हणाली.

भन्तेजींनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"...हे लोखंड आहे."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

उत्पलाने एक मोठा श्वास सोडला, सिस्टिमच्या एका फाइलमधला तो गप्प बसवणारा शब्द खोडला आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला.

आणि काय सांगू! काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींचा असा लोंढा आला की पोरी उठून मागे येऊन उभ्या राहिल्या. कालपासून तोंड दाबून ठेवलेलं यंत्र ते!

ओळी सरसर वर पळून गेल्या. उत्पलाने एक आज्ञा देऊन त्या परत पडद्यावर आणल्या.

"वाच," भन्तेजी म्हणाले.

"सगळं?"

"आम्हालाही ऐकू दे."

ती वाचायला लागली. आधी भरभर, उरकल्यासारखी. बॅटरी सापडली. कीबोर्ड सापडला. मेमरी इतकी इतकी आहे. मग एके ठिकाणी तिचा आवाज बदलला.

"वायरलेस कार्ड... सापडलं."

ती थांबली. पुन्हा तीच ओळ वाचली.

"ड्रायव्हर... बसला. अरे! पहिलाच ड्रायव्हर बरोबर होता की! मी कालपासून उगाच..."

"पुढे," भन्तेजी म्हणाले.

"फर्मवेअर फाइल..." तिने बोट पडद्यावर टेकवलं. "फर्मवेअर फाइल, नॉट फाउंड."

पोरी आणखी जवळ सरकल्या.

"आता म्हणून दाखव. काय म्हणालं ते?"

उत्पला हळूहळू बोलायला लागली. लहानपणी या चटईवर बसून बोलायची तशीच. "ते म्हणतंय... मी जागेवर आहे. तुम्ही मला ओळखलंय. पण मला जागं करणारी एक छोटीशी फाइल लागते, ती या सिस्टिमसोबत आलेली नाही. ती तेवढी आणून द्या."

"हेच?"

"हो. हेच!" ती खुर्चीवरून उठली. "हेच म्हणतंय ते! कालपासून हेच म्हणतंय! भन्तेजी, सापडलं! अगं पोरींनो, सापडलं! फक्त एक फाइल!"

तिने आनंदाने टाळी वाजवली. पोरींना कळलं काही नाही, पण त्यांनीही वाजवली. खोब्रागडे काका दारातून आत आले.

"झालं का?"

"झाल्यातच जमा आहे, काका! एक फाइल आणायची, की झालं."

"मंग आण ना. कुठं आहे?"

"इंटरनेटवर."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग लॅपटॉपकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"म्हणजे इंटरनेट चालाले फाइल पाहिजे..."

"हो."

"...अन् फाइल आणाले इंटरनेट पाहिजे."

उत्पलाचा हात हवेतच राहिला. तिला हसू आलं, आणि हसता हसता ते तोंडावरच विरलं. तिने झटकन फोन उचलला, त्याचं हॉटस्पॉट चालू केलं आणि लॅपटॉपकडे वळली. मग तिच्याच लक्षात आलं. हॉटस्पॉट तरी कसं येणार? तेही हवेतूनच! कार्ड झोपलेलं, त्याला दिसणार काय?

फोनमध्ये सगळं जग होतं. लॅपटॉप त्याच्यापासून वीतभर लांब होता. आणि मधली ती वीतभर हवा काही ओलांडता येईना.

"ताई, घेऊ का तेबी?" टेम्पोवाला पायरीवरूनच ओरडला. "मले भंडाऱ्याले जाचं आहे!"

"थांबा हो दोन मिनिटं!" उत्पला दाराकडे वळून म्हणाली. टेम्पोतून एका पोरीने एक लॅपटॉप हळूच काढून छातीशी धरून ठेवला होता, तो तिने पाहिला. तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. कारण शब्द तिने दिला होता, आणि तो मोडला तर पुण्याला ती निघून जाईल. या पोरी मात्र इथेच राहतील, पुन्हा रिकाम्या हातांनी.

भन्तेजी उठले.

त्यांनी धाग्याचं टोक मूर्तीच्या पायाशी ठेवलं. तिथल्या पाण्याच्या कलशाला एक वेढा दिला. मग गुंडा सोडत सोडत सभागृहातून चालत आले. धागा एका पोरीच्या हातात दिला. दुसरीच्या. काकांच्या हातात दिला. परित्राण पाठाला असंच करतात, मूर्तीपासून निघालेला एकच धागा सगळ्यांच्या हातांतून फिरतो आणि तो धरून सगळे पाठ ऐकतात.

शेवटी ते उत्पलासमोर आले.

"धर."

"भन्तेजी, आता? इथे माझा जीव चाललाय!"

"धर."

तिने वैतागून धागा धरला. "पाठ संध्याकाळी आहे ना?"

"तयारी."

"आणि मला एक सांगा," उत्पलाचा सगळा राग आता त्या बिचाऱ्या धाग्यावर निघाला. "पाठ तर हवेतून ऐकू येतोच. सगळ्यांना येतो. मग हा धागा लागतोच कशाला?"

भन्तेजींनी धागा हलकेच ताणला.

आणि तिच्याकडे बघत उभे राहिले...

उत्पलाने धाग्याकडे पाहिलं. तो तिच्या हातातून काकांच्या हातात गेला होता, तिथून पोरींच्या आणि तिथून कलशापर्यंत.

तिने फोनकडे पाहिलं.

लॅपटॉपकडे पाहिलं.

"अगं बाई गं!" ती केवढ्याने तरी ओरडली. "वायर! फोनला वायर! फोनचं इंटरनेट वायरने देता येतं की याला! मी गाढव! मी शंभर नंबरी गाढव!"

पिशवीतलं सगळं तिने चटईवर उलटं केलं. कंगवा, किल्ल्या, बसचं तिकीट आणि त्यातच चार्जरची वायर. घाईघाईने तिने एक टोक फोनला लावलं, दुसरं लॅपटॉपला.

फोन चार्ज व्हायला लागला. बस्स. बाकी काही नाही.

तिने वायर उलटसुलट करून पाहिली. मग तिचा चेहरा पडला. पुणे स्टेशनच्या बाहेर घेतलेली वायर, नुसती चार्जिंगपुरती. हिच्यातून वीज जाते, बाकी काही जात नाही.

सभागृहात दुसरी वायर एकच होती. भिंतीतल्या बोर्डाला लटकत होती. मुलाने दिवाळीला घेऊन दिलेल्या नव्या फोनची, खोब्रागडे काकांची.

उत्पला काकांसमोर जाऊन उभी राहिली. धागा अजून हातातच होता.

"काका..."

"बोल."

"वायर... देता का जरा?"

काकांनी भुवया वर केल्या. "वायर? हवेतून काऊन नाही घेत?"

पोरी खिदळल्या. टेम्पोवालासुद्धा हसला, त्याला काय कळलं कोण जाणे. उत्पला हसली नाही. तिने मान खाली घातली, मग वर केली.

"काका, काल तुम्ही म्हणालात, वाचनालयाच्या खिडकीतून वायर घेऊ ओढून, म्हणजे इंटरनेट येईल. आणि मी सगळ्यांसमोर हसले तुम्हाला. म्हणाले, कोणत्या जमान्यात राहता."

पोरींनी माना वर केल्या.

"...हेच म्हणाला होतात ना?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचे कान पुन्हा लाल झाले. या वेळी तिला दिसले.

"हो," ते म्हणाले. "हेच म्हणलो होतो."

"मी असंही म्हणाले होते, वायर लावली तर मी हरले समजा. हरले, काका. द्या ती."

"हरली-बिरली का म्हणतं, पोरी?" काका म्हणाले. त्यांनी बोर्डातून वायर ओढून काढली आणि तिच्या हातात कोंबली. "लाव पटकन. पोरी खोळंबल्या आहेत."

तिने लावली.

एक क्षण गेला. मग लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक नवं चिन्ह उगवलं. फोनचं इंटरनेट आलं होतं!

"आलं!"

फाइल उतरायला लागली. सगळे पडद्यावर असे वाकले होते की उत्पलालाच पडदा दिसेना. "सरका गं जरा! श्वास घेऊ द्या मला!" फाइल उतरली. तिने ती जागेवर बसवली, ड्रायव्हर एकदा काढून परत घातला आणि या वेळी पडद्यावरची ओळ न ओळ मोठ्याने वाचली. कार्ड सापडलं. ड्रायव्हर बसला. फर्मवेअर...

"फर्मवेअर मिळालं!"

फुली गेली. तिच्या जागी वायफायची नावं एकाखाली एक उगवायला लागली. वाचनालयाचं नाव सगळ्यात वर.

अहो, मग काय कल्लोळ झाला म्हणता! पोरी नाचल्या. एकीने सरावाचा पेपर उघडला, दुसरीने माउस तिच्या हातातून ओढला, तिसरी म्हणाली, मी आधी. खोब्रागडे काका दारात जाऊन टेम्पोवाल्यावर असे खेकसले, जणू तोच चुकला होता. "उतरव! सारे उतरव! एकबी जात नाही म्हणतो ना भंगारात! अन् चहा पिऊन जा."

उत्पलाने फोनची वायर उपटली. सगळे एकदम ओरडले, "अगं, काय करतेस!"

"बघा तरी!"

पेपर तसाच चालू होता. वायर तिच्या हातात लोंबकळत होती आणि इंटरनेट तसंच वाहत होतं. हवेतून.

तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. सुट्टी संपली होती आणि पुण्याला परतायला सहाची नागपूरची बस अजून मिळण्यासारखी होती. तिने वायरची घडी घातली, काकांना परत द्यायला निघाली आणि वाटेत भन्तेजींपुढे थांबली. ते चटईवर बसून धाग्याची एक गुंतलेली जागा सोडवत होते.

"वंदामि, भन्ते. बघितलंत? वायर काढली तरी चालतंय!"

"हं."

"आता तरी सांगा. माझं शिकून झालं का?"

भन्तेजींनी मान वर करून दाराकडे बघितलं. पोरी टेम्पोतून लॅपटॉप उतरवून भिंतीशी मांडत होत्या, एकाशेजारी एक. सगळे बंद, सगळे त्याच मापाचे, सगळ्यांना तीच फाइल लागणार.

त्यांनी धागा खाली ठेवला.

"वायर काढलीस ना?" ते म्हणाले. "मग पुढच्याला लाव."